घरच्या थाळीत मजुरी कुठे?



घरी रांधण्यापेक्षा पोळी-भाजी केंद्रातून आणणे स्वस्त, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत वांगणीतल्या अनेक नोकरदारांना पटेल. पहाटेची लोकल गाठायची तर कणीक मळायची कधी?

आकडे मात्र वेगळे बोलतात. क्रिसिल या संस्थेच्या अंदाजानुसार ऑक्टोबर २०२४ मध्ये घरच्या शाकाहारी थाळीचा देशातील सरासरी खर्च ३३.३ रुपये होता, तोही कांदे-टोमॅटो कडाडलेले असताना. त्यात धान्य, डाळ, भाज्या, तेल, मसाले, गॅस धरले आहेत. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारची शिवभोजन थाळी ग्राहकाला १० रुपयांना सुरू झाली, तेव्हा सरकारने शहरात तिची प्रत्यक्ष किंमत ५० रुपये धरली होती: दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण, भात. केंद्रचालकाला त्यातच मजुरी आणि भाडे भागवायचे असते.

घरात ही मजुरी कुणी धरतच नाही. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. रांधणे हा कष्टाचा धंदा आहे, हे तेव्हाच दिसले होते.

म्हणून चौघांच्या घरात स्वयंपाक घरीच परवडतो, पण पोळ्या लाटायला घरातल्या पुरुषांनीही उभे राहावे. एकट्या भाडेकरूची गोष्ट निराळी. त्याची मेथीची जुडी संपण्याआधीच पिवळी पडते. त्याने खुशाल डबा लावावा.

– एक वाचक, वांगणी