प्लेट की प्लास्टर? आधी सांधा तपासा

पावसाळ्यात रावेर-यावलच्या केळीबागांत काळ्या मातीचा चिखल होतो आणि खांद्यावर घड घेऊन चालणाऱ्या मजुराचा पाय घसरतो. जळगाव-धुळे महामार्गावर दुचाकी आडवी होते, तर कुठे म्हातारी आजी न्हाणीघरात पडते. घोटा टम्म सुजतो, ‘फोटो’ काढला जातो आणि हाड मोडल्याचे कळताच घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, प्लेट टाका, विषय संपवा. दुसरा म्हणतो, कापाकापी नको, हाडवैद्याकडे चला.

दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडत असतात. आधी ठरायला हवे ते सांधा स्थिर आहे की नाही. नडगीचे हाड आणि तिच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड मिळून एक खोबण होते. तीत टॅलस नावाचे हाड बसते. बाहेरचे बारीक हाड एकटेच मोडले, आतल्या बाजूचे अस्थिबंध शाबूत राहिले आणि टॅलस जागचे हलले नाही, तर ऑपरेशनची गरज सहसा पडत नाही. फिनलंडमधील 247 रुग्णांच्या अभ्यासात (2019) अशा स्थिर फ्रॅक्चरला तीन आठवड्यांचे प्लास्टर सहा आठवड्यांच्या प्लास्टरइतकेच पुरेसे ठरले. रोजंदारीवरच्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

याउलट टॅलस सरकले असेल किंवा दोन्ही बाजूंची हाडे मोडली असतील, तर प्लेट-स्क्रूचा खर्च बहुतेकदा सार्थकी लागतो. सांधा वाकडा जुळला, तर पुढे झीज आणि कायमचे दुखणे मागे लागू शकते. जखम उघडी असेल किंवा सांधा निखळला असेल, तर मालिश-पट्टीत घालवलेला प्रत्येक तास धोक्याचा.

साठीपुढचा हिशेब जरा वेगळा आहे. ब्रिटनमध्ये अस्थिर फ्रॅक्चरच्या 620 वयस्क रुग्णांवर झालेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाले आणि प्लास्टरवाले जवळपास सारखेच चालत होते. जखम चिघळण्याचे वा संसर्गाचे प्रमाण ऑपरेशनमध्ये 10 टक्के, प्लास्टरमध्ये 1 टक्का होते. मधुमेह असलेल्याने हा आकडा विशेष लक्षात ठेवावा. पण प्लास्टरवाल्यांपैकी 15 टक्क्यांची हाडे वाकडी जुळली, ऑपरेशनवाल्यांत हेच प्रमाण 3 टक्के होते. प्लास्टरवाल्यांतल्या सुमारे पाचांतील एकाला पुढे ऑपरेशन करावेच लागले. शिवाय ते प्लास्टर शल्यविशारदांनी भूल देऊन, घट्ट बसेल असे घातलेले होते. घाईत गुंडाळलेल्या पट्टीला या निकालाचा आधार घेता येणार नाही.

आता पैशाचे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि कुटुंबामागे मर्यादा 5 लाखांची आहे. गरिबाच्या दारी शस्त्रक्रिया आली, हे तिचे मोठे यश. मात्र योजनेचा रोख भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. प्लास्टरनंतर दर आठवड्याला शिरपूर, साक्री किंवा चोपड्याहून येण्याचे भाडे, पुन्हा काढलेले फोटो, बुडालेली मजुरी हे सारे रुग्णाच्या खिशातून जाते. त्यामुळे कागदावर ऑपरेशन स्वस्त आणि प्लास्टर महाग दिसू शकते. प्लेट टोचू लागली, तर ती काढायला दुसरे ऑपरेशन लागते, हेही धरावे.

उपाय अवघड नाही. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही 2018 पासून असे महाविद्यालय आहे. तिथे घोट्याच्या रुग्णांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा आणि योजनेने प्लास्टरनंतरच्या तपासण्यांचा खर्चही उचलावा. तोवर रुग्णांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे विचारावेच: सांधा स्थिर आहे का, आणि ते कशावरून ठरवले?