रक्तदाबाच्या कार्डावर आणखी एक रकाना हवा

तुमच्या घरी किंवा शेजारी रक्तदाबाची गोळी रोज घेणारे कोणी आहे का? बहुधा असेलच. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात पंधरा वर्षांवरील दर शंभर पुरुषांपैकी सुमारे २४ जणांना आणि दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २१ जणींना उच्च रक्तदाब आहे. आता दुसरा प्रश्न. याच मंडळींपैकी कितीजण गुडघा, कंबर किंवा पाठ दुखते म्हणून आणखी एक गोळी घेतात? याचे उत्तर मात्र चटकन देता येत नाही, कारण ही दुसरी गोळी सहसा कोणी मोजतच नाही. माझे म्हणणे असे की, ती मोजली पाहिजे व रक्तदाबाच्या नोंदीशेजारीच तिची नोंद झाली पाहिजे.

याची सुरुवात करायला सातारा जिल्ह्यासारखी जागा नाही. २०१७ साली देशातील पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून त्यासाठी जे पहिले चार जिल्हे निवडले, त्यांत भंडारा, वर्धा व सिंधुदुर्ग यांच्याबरोबर सातारा होता. उपक्रमाची पद्धत साधी आहे. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजायचा, ठरावीक क्रमाने औषध द्यायचे आणि प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर दर भेटीचा आकडा लिहायचा. या कामाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. नोंद ठेवल्याने आजार कसा आटोक्यात येतो, याचा हा उत्तम धडा होय.

आता असे समजा की, माण तालुक्यातील एक आजोबा या कार्डावर नियमित औषध घेत आहेत. गुडघ्याची शस्त्रक्रिया करायला ते शेजारच्या सांगली जिल्ह्यात मिरजेला गेले. मिरजेची रुग्णालये जुनी व नावाजलेली आहेत. डॉ. वान्लेस यांनी तेथे १८९४ साली रुग्णालय उघडले, तेव्हापासून आसपासच्या मुलुखातील माणसे तेथे उपचारासाठी जात आली आहेत. तेथून आजोबा दुखण्यावरची गोळी लिहून घेऊन परतले. रक्तदाबाची गोळी एका जिल्ह्यातील, दुखण्याची दुसऱ्या जिल्ह्यातील. दोन्ही कागद निरनिराळ्या पिशव्यांत. दोन्ही गोळ्यांची गाठ पडते ती थेट आजोबांच्या रक्तात!

या गाठीत काय घडते, ते पाहू. वेदनाशामकांचे दोन मोठे वर्ग आहेत. पहिल्या वर्गात डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे येतात. इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्ये तयार होतात व ती सूज आणि वेदना वाढवितात. ही औषधे त्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. हे कोडे १९७१ साली जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने उलगडले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण हीच द्रव्ये मूत्रपिंडातील रक्तप्रवाह राखण्याचे व जादा मीठ बाहेर टाकण्याचेही काम करीत असतात. ती कमी झाली की शरीरात मीठ व पाणी साठते आणि रक्तदाब चढतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ही वाढ सरासरी तीन ते पाच मिलिमीटर इतकी असते. शिवाय रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांचा प्रभावही घटतो.

पाच मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. २०२१ साली ४८ चाचण्यांतील सुमारे साडेतीन लाख लोकांची माहिती एकत्र करून असे दिसून आले की, वरचा रक्तदाब पाच मिलिमीटरने उतरवला तर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे आरोग्य केंद्राने महिनोन्‌महिने कष्टाने मिळवलेले यश दुकानातून आणलेली एक गोळी हिरावून घेऊ शकते. २००४ साली रोफेकॉक्सिब हे याच वर्गातील औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे जगभरच्या बाजारातून मागे घ्यावे लागले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग कोणी म्हणेल, दुसऱ्या वर्गातील औषधे द्या. हा वर्ग अफूच्या कुळातील. अफूच्या चिकातून मॉर्फिन वेगळे काढण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याला जाते. कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल ही याच वर्गातील औषधे. मेंदू व मज्जारज्जू यांतील पेशींवर विशिष्ट ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तशी ही औषधे त्यांत बसतात आणि वेदनेचा निरोप वर पोचू देत नाहीत. ती मूत्रपिंडात मीठ साठवीत नाहीत, रक्तदाबही सहसा चढवीत नाहीत. तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णाला हीच बरी, असा निष्कर्ष सरळ वाटतो. पण विज्ञानात सरळ वाटणारा निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो.

पहिली गोष्ट, ही औषधे रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरवू शकतात. आजोबा आधीच दाब उतरवणारी गोळी घेत आहेत. दोन्हींची भर पडली की खाटेवरून एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे. दुसरी गोष्ट, ट्रॅमाडॉल व टॅपेन्टाडॉल ही औषधे मेंदूतील नॉरअ‍ॅड्रेनलिन या द्रव्याचे प्रमाणही वाढवतात, त्यामुळे काही रुग्णांत नाडी व रक्तदाब उलट चढू शकतात. तिसरी गोष्ट, ही औषधे श्वसन मंद करतात. झोपेत श्वास अडखळणाऱ्यांना, म्हणजे अनेक रक्तदाबाच्या रुग्णांना, हे घातक ठरू शकते. चौथी गोष्ट, पुष्कळ दिवस घेतलेले औषध एकाएकी बंद केले तर घाम, अस्वस्थता यांबरोबर रक्तदाबही उसळतो. आणि शरीराला सवय लागण्याचा धोका आहेच. ट्रॅमाडॉलला २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले, ते त्याचमुळे.

हृदयाचेच बोलायचे तर या कुळातील डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेन हे औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवते असे आढळले. अमेरिकेत ते २०१० साली मागे घेतले गेले आणि भारत सरकारनेही २०१३ साली त्याची विक्री थांबवली. २०१० सालीच अमेरिकेत संधिवाताच्या बारा हजारांहून अधिक वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अफूवर्गीय औषधे घेणाऱ्यांत हाडे मोडण्याचे आणि हृदयाच्या विकारांचेही प्रमाण पहिल्या वर्गातील जुनी औषधे घेणाऱ्यांपेक्षा अधिक दिसले. हा केवळ निरीक्षणाचा अभ्यास होता. मुळातच अधिक आजारी माणसांना ही औषधे दिली गेली असणे शक्य आहे, म्हणून त्यावरून अखेरचा निकाल देता येत नाही. पण रक्तदाबमापकातील आकडा चढला नाही म्हणजे औषध हृदयाला निर्धोक, असे म्हणता येत नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

निरुपद्रवी म्हणून ओळखले जाणारे पॅरासिटामॉलसुद्धा यातून सुटत नाही. २०२२ साली एडिंबरोच्या संशोधकांनी ११० रक्तदाबाच्या रुग्णांना रोज चार ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे दिले, तर वरचा दाब सुमारे पाच मिलिमीटरने वाढला. अधूनमधून घेतलेल्या एखाद्या गोळीला हे लागू नाही. रोज, मोठ्या मात्रेत घेण्याला आहे.

एक उलटी बाजूही सांगितली पाहिजे. हे वाचून कोणी आजारी माणसाच्या हातून गोळी काढून घेऊ नये. वेदना ही स्वतःच नाडी व रक्तदाब वाढविते. कर्करोगाच्या असह्य वेदनांत मॉर्फिनइतके उपयोगी औषध क्वचितच सापडेल, आणि त्याच्या भीतीपोटी रुग्णाला तळमळत ठेवणे ही क्रूरता आहे. गरजूंना ते मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्तीही झाली. तेव्हा प्रश्न औषध चांगले की वाईट असा नाहीच. गाईम्हशींना मानवणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. म्हणून जनावरांसाठी त्याचा वापर २००६ साली बंद करण्यात आला. औषध तेच, शरीर वेगळे. निर्धोकपणा एकट्या गोळीत नसतो. ती कोणाला, किती, किती दिवस आणि कशाबरोबर दिली, यावर तो ठरतो.

आणि हे ठरवायचे तर डॉक्टरांपुढे सर्व माहिती एकत्र हवी. म्हणून रक्तदाबाच्या कार्डावर एक रकाना असावा: "दुखण्यावर काय घेता? किती? कधीपासून?" आरोग्यसेविकांवर कामाचा बोजा आधीच फार आहे, हा आक्षेप रास्त आहे. औषधांची विचारपूस डॉक्टर करतातच, असेही कोणी म्हणेल. पण "दुसरे काही औषध चालू आहे का?" असे विचारले की पुष्कळजण "नाही" म्हणतात, कारण गुडघ्याची गोळी त्यांना औषध वाटतच नाही. नेमका प्रश्न विचारला तर नेमके उत्तर येते. त्याला अर्धा मिनिट लागतो.

कार्डावर तो रकाना छापला जाईल तेव्हा जावो. तोवर हे काम तुम्ही करू शकता. घरातील लहान अक्षरे वाचणारे तुम्हीच आहात. एका वहीच्या पानावर आजी-आजोबांच्या सर्व गोळ्यांच्या वेष्टनांवरील मूळ औषधाचे नाव, मात्रा व सुरू केल्याची तारीख लिहा. व्यापारी नावे निराळी असली तरी आत तेच औषध दोनदा आढळेल, तर त्यावर खूण करा. उठताना चक्कर येते का, पायांवर सूज आहे का, तेही लिहा. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला अशा पानाचा नमुना करून घ्यावा. कोणतीही गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, वाढवू नका आणि शेजाऱ्यांना देऊ नका. पुढच्या वेळी आजोबा आरोग्य केंद्रात किंवा मिरजेला जातील, तेव्हा ते पान त्यांच्या पिशवीत घालायला विसरू नका.