सारायेव्होची गोळी आणि वऱ्हाडचा कापूस

१९१४ सालचे जून ते नोव्हेंबर हे सहा महिने जगाच्या इतिहासात विलक्षण दाटीवाटीचे ठरले. जूनमध्ये लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून पुण्यास परतले. २८ जूनला सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले. १५ ऑगस्टला पनामा कालवा खुला झाला. आणि २२ सप्टेंबरच्या रात्री ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या. विद्यार्थी या तारखा पाठ करतात. परंतु या घटनांचा मलकापूरच्या काळ्या जमिनीशी काय संबंध, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत विचारला जात नाही.

वस्तुतः तो संबंध अगदी निकटचा होता. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस व्यापारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. मलकापूर, खामगाव, अकोला या पट्ट्यातून तो रेल्वेने मुंबईस आणि तेथून जहाजाने परदेशी जात असे. जपान हे मोठे गिऱ्हाईक खरे. पण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि बेल्जियम हीही महत्त्वाची गिऱ्हाइके होती. युद्ध पुकारले जाताच यांतील दोन शत्रुराष्ट्रे ठरली, तर तिसरे जर्मन फौजांच्या टाचेखाली गेले. न्यूयॉर्कचा कापूस-बाजार ३१ जुलैला बंद पडला, तो १६ नोव्हेंबरपर्यंत उघडला नाही.

या आपत्तीचे खरे मर्म तिच्या वेळेत होते. ऑगस्टमध्ये वऱ्हाडात पेरणी उरकलेली असते आणि वेचणी दूर असते. पीक बदलण्याची संधी गेलेली, खर्च झालेला, सावकाराचे कर्ज डोक्यावर. शिवाय रयतवारीतील शेतसारा ठरलेल्या रोख रकमेत भरावयाचा. भाव कोसळला म्हणून सारा किंवा व्याज कमी होत नाही. ज्याला माल राखून ठेवणे शक्य होते त्याला युद्धाच्या उत्तरार्धातील तेजी लाभली; ज्याला वेचणीबरोबर विकणे भाग होते त्याच्या वाट्याला केवळ मंदी आली. अमेरिकेतही शेतकरी अडचणीत आला होता. परंतु तेथे ‘एक गठडी विकत घ्या’ अशी मोहीम निघाली आणि साडेतेरा कोटी डॉलरचा कर्जनिधी उभारला गेला. त्या निधीचा उपयोग अल्पच झाला, हे मान्य केले तरी तेथील शेतकऱ्याचा आवाज राजधानीत पोहोचत होता, हा फरक उरतोच.

१११ वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. अमेरिकेच्या वाढीव शुल्काने वस्त्रोद्योग अडचणीत आला होता, हे कारण खोटे नव्हे. हमीभाव आणि सरकारी खरेदी हे १९१४ मध्ये नसलेले आधार आज आहेत, हेही खरे. तथापि, पुन्हा एकदा पीक शेतात उभे असतानाच बाजाराचे गणित बदलले.

सारायेव्होची गोळी वऱ्हाडातील कोणालाही थांबविता आली नसती. आयातशुल्काचा निर्णय मात्र दिल्लीत होतो. तो मृगापूर्वी जाहीर करावा आणि वेचणी संपेपर्यंत बदलू नये. बदलणे अपरिहार्यच झाले तर भावातील तूट सरकारने सोसावी. गिरणीला दिलासा देण्याचा खर्च पेरणी करून बसलेल्या माणसाकडून वसूल करणे, हे अर्थशास्त्रातही बसत नाही आणि न्यायातही नाही.