क्रिप्टो चोरीला गेलं, तर गप्प बसू नका

घर फुटलं तर माणूस आरडाओरडा करतो. शेजारी गोळा होतात, कुणी पोलिसांना फोन लावतं. मोबाइलमधलं क्रिप्टोचं वॉलेट रिकामं झालं, की तोच माणूस तोंड मिटून बसतो. घरात सांगत नाही, दोस्तांना सांगत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, सगळे रस्ते बंद झाल्यावर, दबक्या आवाजात विचारतो, 'काही होऊ शकतं का?' माझं स्पष्ट मत आहे की या चोरीत चोराचा सर्वात मोठा साथीदार म्हणजे आपली शरम. म्हणून काय करायचं ते सविस्तर लिहितो.

पहिलं काम, उरलेलं वाचवणं. वॉलेट म्हणजे पैसे ठेवायची पेटी, असा आपला समज असतो. खरं तर त्यात असते फक्त किल्ली. वॉलेट उघडताना मिळालेले बारा किंवा चोवीस शब्द ज्याच्या हाती लागले, त्याच्याकडे त्या किल्लीची नक्कल गेली. मग अॅपचा पासवर्ड बदलून काही उपयोग नाही. दुसऱ्या, स्वच्छ फोनवर नवीन शब्दांचं नवीन वॉलेट उघडा आणि शिल्लक असेल ते तिकडे हलवा. जुन्या वॉलेटमध्ये नव्यानं एक रुपयाही टाकू नका. चोरांचे बॉट तिथं टपून असतात, फीसाठी टाकलेली रक्कमही ते क्षणात उचलतात.

कधी कधी किल्ली चोरीला गेलेली नसते. कुठल्या तरी वेबसाइटला वॉलेट जोडून आपण 'अप्रूव्ह' दाबलेलं असतं, म्हणजे आपल्या टोकनवर दुसऱ्याला हात टाकायची परवानगी दिलेली असते. ती परवानगी रद्द करता येते. पण नक्की काय झालं ते कळत नसेल, तर किल्ली गेली असंच धरून चाला. पैसे एक्सचेंजच्या खात्यात असतील, तर खातं ताबडतोब गोठवायला सांगा, ईमेलचा पासवर्ड बदला आणि तक्रार लेखी करा.

दुसरं काम, पुरावा जपणं. व्यवहाराचा हॅश, वेळ, रक्कम, पैसे गेले तो पत्ता, चॅट आणि फोन नंबर या सगळ्यांचे स्क्रीनशॉट घ्या. एक्सचेंजवरून खरेदी केल्याचं स्टेटमेंट काढून ठेवा, माल तुमचा होता हे त्यावरून सिद्ध होतं. लाज वाटते म्हणून चॅट डिलीट करणं किंवा घाबरून फोन फॉरमॅट करणं, म्हणजे स्वतःच्या हातानं पुरावा पुसणं.

तिसरं काम, तक्रार. १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयनं किंवा बँकेतून पैसे पाठवले असतील, तर इथं एकेक तास मोलाचा आहे. समोरच्या खात्यातून रक्कम निघण्याआधी ती रोखता येते. त्यानंतर लेखी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जा.

एका मुलासोबत मी ठाण्यात गेलो होतो. 'हे बिटकॉइन-फिटकॉइन बेकायदेशीर असतं, तुझ्यावरच केस होईल,' असं ऐकून तो उठून निघालाच होता. असं ऐकवलं गेलं तर घाबरू नका. बँकांना क्रिप्टोशी संबंध ठेवायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं. ज्या मालावर सरकार कर घेतं, त्याच्या चोरीची तक्रार ऐकणं हे सरकारचं कामच आहे. दुसऱ्याची ओळख चोरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी आणि ६६ डी खाली गुन्हे आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. तरीही नाकारली, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, आणि तिथंही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा.

एवढं करून पैसे परत मिळतील का? खोटी आशा दाखवणार नाही. छोट्या माणसाची गेलेली रक्कम बहुतेक वेळा परत येत नाही. शिवाय क्रिप्टोतला तोटा करात दुसऱ्या उत्पन्नातून वजाही करता येत नाही. तरी तक्रार करावी, कारण या चोरीची वाट पुसली जात नाही. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार उघड्या खातेवहीत कायमचा नोंदलेला असतो. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्सचेंजवरून सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले. त्यातले ९४ हजारांहून अधिक अमेरिकी तपास यंत्रणांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये जप्त केले. चोराला कधी तरी क्रिप्टोचे रुपये किंवा डॉलर करावेच लागतात. भारतातली एक्सचेंजेस मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आहेत, ग्राहकाची ओळख त्यांना ठेवावी लागते. यूएसडीटीसारखं टोकन तर काढणारी कंपनीच एखाद्या पत्त्यावर गोठवू शकते. पण यातलं काहीही पोलिसांच्या कागदाशिवाय सहसा हलत नाही. एकाच पत्त्याविरुद्ध वीस जण बोलले, तर तपासाला धागा मिळतो. वीसही जण गप्प राहिले, तर चोर एकविसावा शोधतो.

आता दुसऱ्या चोराबद्दल. इंटरनेटवर कुठं हळहळ व्यक्त केली, की लगेच मेसेज येतो, 'आम्ही तुमचे कॉइन परत आणून देतो, आधी फी भरा.' हा बहुतेक वेळा ठगच असतो, कधी कधी पहिल्याच टोळीतला. बारा शब्द मागणारा तर नक्कीच ठग. पुण्यात तर याहून पुढचं घडलं. गेनबिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. तपासातलं क्रिप्टो परस्पर वळवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. म्हणून कितीही मोठा तज्ज्ञ असो, किल्ली कुणाच्या हाती देऊ नका. पोलिसांना काही सोपवायचं असेल, तर पंचनामा करून, पोच घेऊन.

आपल्या मोहल्ल्यात आणखी एक अडचण येते. चोरी झाल्याचं कळताच पहिला सवाल येतो, 'मुळात हे हलाल होतं का?' या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत. इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ च्या जानेवारीत बिटकॉइनविरुद्ध फतवा दिला, तर काही अभ्यासक अटींसह ते जायज मानतात. ही चर्चा जरूर व्हावी. पण ज्याचं नुकसान आज झालंय, त्याच्यासमोर ती चर्चा काढणं म्हणजे त्याला पुन्हा दारामागं ढकलणं. त्यानं व्यवहार कसलाही केलेला असो, त्याचा माल उचलणारा चोरच.

पोरं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, 'अब्बांना कळू देऊ नका.' त्या अब्बांना आणि अम्मींना माझी विनंती आहे. पोरानं सांगितलं तर त्या रात्री त्याला फैलावर घेऊ नका. किती वाजता गेले, कुठल्या खात्यातून गेले, एवढंच विचारा आणि त्याच्या शेजारी बसून १९३० लावा. ओरडायला नंतर आख्खा महिना आहे.