चिंचोक्यांचा डाव आणि शब्दांची वही

पत्त्यांची भाषा आपल्या लोकांना नवी नाही. हळदीच्या रात्री मांडवात, नाहीतर पाळी सुटल्यावर चाळीच्या जिन्याखाली तीनपत्ती रंगायची. बूट, चाल, ब्लाइंड, पॅक, शो हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही पाठ असत. आता आमच्या वसाहतीतल्या तरुण मुलांना पोकरचा नाद लागला आहे. हा खेळ अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला आणि मिसिसिपी नदीतल्या बोटींवर तो वाढला. येताना आपल्या शब्दांचे गाठोडेही घेऊन आला.

आमची मुले पैशाने खेळत नाहीत, चिंचोक्यांनी खेळतात. प्रत्येकाला पन्नास चिंचोके, संपले की उठायचे. घरच्यांनी आधी आरडाओरडा केला, मग डबा उघडून पाहिला आणि गप्प बसले. पण दर शनिवारी भांडण ठरलेले, आणि ते पानांवरून नव्हे, शब्दांवरून. शेवटी सर्वांनी मिळून एक शब्दकोश करायचे ठरवले, शंभरपानी वही आणली आणि "काका, तुम्ही हिशेबाचे माणूस, तुम्ही आखून द्या" म्हणून माझ्यापुढे ठेवली.

भांडणाचे मूळ पहिल्याच पानावर सापडले. तीनपत्तीत ब्लाइंड म्हणजे आपली पाने न पाहता खेळणे. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पाने हातात येण्यापूर्वीच, वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी सक्तीने लावायची रक्कम. पहिल्याची लहान, दुसऱ्याची मोठी. शब्द एकच, पण अर्थ दोन. तीच गत सिक्वेन्स आणि कलरची. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. कोणी म्हणेल, हे काय वाटेल ते! पण यामागे गणित आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पानांत साधे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८, म्हणजे कलर दुर्मिळ. जे दुर्मिळ ते मोठे, नियम दोन्हीकडे हाच. एवढे दोन ओळींत लिहून ठेवल्यावर निम्मी भांडणे मिटली.

मराठी प्रतिशब्दांचा हट्ट मी धरला नाही. मधोमध उघडी मांडायची पहिली तीन पाने म्हणजे फ्लॉप, चौथे टर्न, पाचवे रिव्हर. एकाने उत्साहाने रिव्हरपुढे 'नदी' लिहिले होते, ते खोडायला लावले. उद्या फ्लॉपपुढे 'पडलेला सिनेमा' लिहाल! मात्र टर्नला फोर्थ स्ट्रीट आणि रिव्हरला फिफ्थ स्ट्रीटही म्हणतात, ते लिहून घेतले. एकाच पानाला दोन नावे आहेत हे ठाऊक नसलेला नवा मुलगा उगाच गोंधळतो.

वहीत मी चार रकाने आखले. मूळ शब्द, आपण काय म्हणतो, अर्थ, आणि चौथा रकाना 'नावे-जमा'. त्या शब्दात पैसा कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या खिशात जातो, ते चौथ्यात लिहायचे. मुले हसली. आपण तर चिंचोके खेळतो, मग हा रकाना कशाला? मी म्हटले, शब्द चिंचोक्यांपाशी थांबत नाहीत.

'रेक' या शब्दाचेच पाहा. आमच्याच वसाहतीतला एक मुलगा दोन वर्षे मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळला. पगार हरला, मग पतपेढीचे कर्ज हरला. पडद्यावर रेक हा शब्द त्याने शेकडो वेळा वाचला असेल. अर्थ विचारला तर म्हणाला, "असेल काहीतरी फी." रेक म्हणजे आपली 'नाल'! जुगाराच्या अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून आपला वाटा बाजूला काढतो, ती नाल. हा शब्द आपल्या जुन्या माणसांना नीट कळतो. समोर 'नाल' लिहिले असते तर त्या मुलाच्या आईनेही विचारले असते, "अड्डा कोणाचा आहे रे?"

मग वहीत हिशेब मांडला. समजा सहाजण प्रत्येकी ५०० रुपये घेऊन बसले. टेबलावर ३,००० रुपये. प्रत्येक डावात सरासरी २०० रुपये जमतात आणि मालक त्यावर शेकडा ५ नाल घेतो, म्हणजे डावाला १० रुपये. तासाला ३० डाव झाले तर ३०० रुपये. सगळे सारखेच हुशार, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही असे धरा. तरी दहा तासांत ३,००० रुपये मालकाच्या गल्ल्यात आणि सहाही जण मोकळे. मोबाइलवर तर पाने पिसायलाही वेळ लागत नाही.

२०२५ साली संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. चांगले झाले. पण दुकानाला टाळे लागले म्हणून तिथली बोली विसरली जात नाही. ती माहीत असलेली बरी.

'फिश' म्हणजे मासा, नवा आणि हरणारा खेळाडू. चौथा रकाना: नावे मासा, जमा बाकी सगळे. 'टिल्ट' हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. यंत्र जोराने हलवले की त्यावर टिल्ट अशी अक्षरे येत आणि खेळ बंद पडे. पोकरमध्ये हरल्याच्या रागात वेड्यासारखे लावत सुटणे म्हणजे टिल्ट. यंत्र निदान बंद तरी पडत होते, माणूस पडत नाही. 'बँकरोल' म्हणजे खेळासाठी वेगळी काढलेली, गेली तरी घराला धक्का न लागणारी रक्कम. इथे मी मुलांना विचारले, आपल्या घरात अशी रक्कम किती? कोणी बोलले नाही. शून्य लिहिले.

'सॅटेलाइट' म्हणजे मोठ्या स्पर्धेत शिरायची स्वस्त, छोटी स्पर्धा. २००३ साली क्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकन हिशेबनीस ८६ डॉलरच्या सॅटेलाइटमधून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. ही गोष्ट मुलांना तोंडपाठ आहे. त्या स्पर्धेत ८३९ जण होते. बाकीच्या ८३८ जणांपैकी एकाचे नाव सांगा म्हटले, तर कोणाला येईना. खेळाचे शब्द कुठवर जातात तेही पाहा. शेअर बाजारातल्या 'ब्लू चिप' कंपन्या बी.कॉम.ला आम्हीही पाठ केल्या. ती निळी चिप पोकरची, सगळ्यांत महाग चकती.

'ब्लफ'वर मात्र दोन शनिवार गेले. कोणी 'थाप' म्हणाले, कोणी 'बंडल'. मुलांच्या चहाचे कप उचलायला आलेल्या एक ताई सहज म्हणाल्या, "अरे, ही तर हूल! हातात काही नसताना हूल द्यायची." एकमताने हूल लिहिली. 'फोल्ड'ला सध्या तीनपत्तीचे 'पॅक' चालू आहे. खानदेशात, विदर्भात, सोलापूरकडे पान टाकून बसण्याला वेगळा शब्द असेल तर वाचकांनी जरूर कळवावा. वहीची साठ पाने अजून कोरी आहेत.