न दुखणारं दुखणं

मुलांनो,

आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. दुखत नाही, खुपत नाही. ताप नाही, खोकला नाही. घरातल्या घरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतं, पण कुणाला दिसत नाही. ओळखा पाहू, काय?

आमच्या चौथीच्या वर्गात हे कोडं घातलं, तेव्हा एकजण ओरडला, "भूत!" मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आळस!" सगळा वर्ग खो खो हसला. आळसाचं उत्तर तसं काही वाईट नव्हतं. पण माझ्या मनातलं उत्तर होतं, वाढलेला रक्तदाब. आपण घरात ज्याला नुसतं 'बीपी' म्हणतो ना, तोच.

हे कोडं मला सुचलं एका वहीमुळे. 'माझे आजोबा' हा निबंध तपासत होते. एका मुलाने फार छान लिहिलं होतं. आजोबांची टोपी, त्यांची जुनी सायकल, रामकुंडावर जाण्याची त्यांची सवय, सगळं आलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'आजोबांना बीपी होता. आता बरा झाला. म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तरी त्या वाक्याखाली मी लाल रेघ मारली आणि शाळा सुटल्यावर त्याच्या आईशी बोलले. कारण हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलेलं आहे.

माझे बाबा कचेरीत कारकून होते. अक्षर असं मोत्यासारखं, की शेजारीपाजारी लग्नपत्रिकांवरची नावं त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. त्यांना बीपीची गोळी सुरू होती. एकदा मोजला, तर बीपी अगदी व्यवस्थित निघाला. "मला काही होत नाही, मग रोज गोळी कशाला?" असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली. पाच-सहा महिने गेले. एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला. तोंड एका बाजूला वाकडं झालं. बोलायला गेले, तर शब्द फुटेना. तो अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, पण उजव्या हातातलं ते अक्षर गेलं. आता ते डाव्या हाताने सही करतात.

मला सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? मी रोज चाळीस वह्या तपासते. कोण गैरहजर, कुणाचा गृहपाठ राहिला, सगळं माझ्या ध्यानात असतं. पण बाबांच्या गोळ्यांची पट्टी मी एकदाही उचलून पाहिली नव्हती.

आता हा बीपी म्हणजे काय ते समजून घेऊ. बागेला पाणी घालताना नळीचं तोंड दाबलं की आतला दाब वाढतो, पाणी जोरात उडतं. आपल्या रक्तवाहिन्या म्हणजे अशाच नळ्या. हृदय आकुंचन पावतं तेव्हा दाब वाढतो, तो वरचा आकडा. हृदय सैल पडतं तेव्हा दाब कमी होतो, तो खालचा आकडा. वरचा १२०च्या आत आणि खालचा ८०च्या आत असला, की उत्तम. मोठ्या माणसाचा बीपी पुन्हा पुन्हा मोजूनही १४० आणि ९०च्या वर राहत असेल, तर डॉक्टर उपचार सुरू करतात. असा जास्तीचा दाब वर्षानुवर्षं राहिला, की मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळे यांना इजा होते. आणि तोपर्यंत बहुतेकांचं काहीच दुखत नाही!

मग गोळी घेऊन बीपी बरा होतो का? नाही, आटोक्यात राहतो. पाऊस पडतोय, तुम्ही छत्री घेतली आहे, अंग कोरडं आहे. 'मी तर कोरडाच आहे, मग छत्री कशाला?' असं म्हणून तुम्ही छत्री मिटलीत तर? माझ्या बाबांनी नेमकं हेच केलं होतं.

आणि हे काही फक्त आमच्याच घरातलं नाही हं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर केलेला मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा, की आपल्या देशात सुमारे ३१ कोटी ५० लाख लोकांना वाढलेला रक्तदाब आहे आणि सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे तुमच्या गल्लीतही कितीतरी घरं असणार.

एवढ्या माणसांची आठवण ठेवायची कुणी? इथे मोबाईल कामाला येतो.

नोव्हेंबर २०१७मध्ये सरकारने एक उपक्रम सुरू केला. नाव लांबलचक आहे : 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह'. म्हणजे रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा उपक्रम. सुरुवातीच्या पाच राज्यांत आपला महाराष्ट्रही होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे आपले पहिले चार जिल्हे. पंजाबात आणि महाराष्ट्रात या कामासाठी 'सिंपल' नावाचं ॲप वापरलं गेलं. सिंपल म्हणजे सोपं, आणि ते खरंच सोपं आहे. रुग्णाला एक कार्ड मिळतं. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी छाप असतो. दवाखान्यातल्या सिस्टर त्यावर मोबाईल धरतात, की त्या रुग्णाचं पान उघडतं. आजचा बीपी किती, गोळ्या कोणत्या, पुढच्या वेळी कधी यायचं, एवढं त्या टिपून ठेवतात. इंटरनेट गेलं तरी नोंद करता येते.

पण खरी गंमत पुढे आहे. ठरलेल्या तारखेला जे आले नाहीत, त्यांची यादी ॲप काढून देतं. मग सिस्टर फोन लावतात, "काका, तारीख होऊन गेली. गोळ्या संपल्या असतील ना? या बरं." हा उपक्रम पुढे इतर राज्यांत पसरला, आणि २०२२ साली त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

ही यादी वाचून मला काय आठवलं असेल? आमचा हजेरीपट! हजेरीपट कुणाला शिकवत नाही. तो फक्त सांगतो, की अमका तीन दिवस आला नाही. मग मी त्याच्या शेजारच्या मुलाला विचारते, त्याच्या घरी निरोप धाडते. ॲपचंही तसंच आहे. ते कुणाला बरं करत नाही. कोण गैरहजर आहे, ते दाखवतं. फोन माणसानेच करायचा असतो.

आता थोडी सावधगिरीही सांगते. मोबाईलमध्ये पावलं मोजणारं ॲप असतं. आत एक चिमुकला भाग असतो, तो हिसके ओळखतो. आपण चाललो, की दर पावलाला हिसका बसतो, ॲप तो मोजतं. आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने काय केलं, माहीत आहे? आजोबांचा फोन हातात धरून टीव्हीसमोर बसल्या बसल्या गदागदा हलवला आणि दोन हजार पावलं करून दिली! आजोबा खूश. पण पावलं फोनने चालून काय उपयोग? गोल्फ क्लबच्या मैदानाला फेरी आपल्याच पायांनी मारायला हवी.

ही झाली गंमत. दुसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. 'कॅमेऱ्यावर बोट ठेवा, बीपी सांगतो' असं म्हणणारी ॲप निघाली होती. त्यातल्या एका ॲपची परीक्षा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी घेतली. निकाल २०१६ साली आला. ज्यांचा बीपी खरोखर वाढलेला होता, अशा दहापैकी जवळजवळ आठजणांना ते ॲप सांगत होतं, 'तुमचं ठीक आहे'! चुकीचा आकडा हा न मोजण्यापेक्षाही वाईट, कारण माणूस निर्धास्त होतो. म्हणून बीपी मोजायचा तो दंडाला पट्टा बांधणाऱ्या यंत्रानेच. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर टेकवून हृदयाच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा नाही, आणि मोजताना गप्पा नाहीत. आलेला आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचा. गोळी वाढवणं, कमी करणं, बंद करणं हे काम डॉक्टरांचं. ॲपचं नाही, आपलंही नाही.

पालकांनाही एक विनंती. कोणतंही नवं ॲप घेताना ते कुणी काढलंय आणि आपली कोणती माहिती मागतंय, हे आधी वाचा. डॉक्टरांना विचारा. आजाराची माहिती ही घरची गोष्ट आहे, ती कुणालाही द्यायची नसते.

आता तुम्ही काय कराल? ऐका, हा या आठवड्याचा गृहपाठ.

पहिलं, घरात बीपीची किंवा साखरेची गोळी कोण घेतं ते विचारा. त्या वेळेचा गजर त्यांच्या मोबाईलमध्ये लावून द्या. त्यासाठी वेगळं ॲपही लागत नाही. मोबाईल नसेल, तर भिंतीवरची दिनदर्शिका आहेच. गोळी घेतली, की तारखेवर खूण करायची.

दुसरं, शनिवारी पट्टीत किती गोळ्या उरल्या ते मोजा. संपत आल्या असतील, तर आईबाबांना सांगा.

तिसरं, मिठाकडे लक्ष ठेवा. दिवसाला माणशी एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड आणि आपला नाशिकचा चिवडा यांतलं मीठही त्यात धरायचं बरं का!

आणि चौथं, पाठच करून ठेवा. कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळू लागलं, तर थोड्या वेळाने बरं वाटेल म्हणून थांबायचं नाही. लगेच मोठ्यांना हाक मारा आणि १०८ला फोन करा. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं.

'गजर लावायचा' म्हणून मोबाईल घेऊन तासभर गेम खेळत बसलात, तर मात्र मला चालणार नाही हं!

आमच्या घरी रोज रात्री आठ वाजता माझा मोबाईल वाजतो. मी हातातली वही बाजूला ठेवते आणि विचारते, "बाबा, गोळी?" शब्द जरासा अडखळतो, पण उत्तर ठरलेलं असतं, "हजर, बाई!"

तुमच्या घरी कोण कोण हजर आहे, ते मला पत्रातून नक्की कळवा.

तुमच्या,
बाई