शिवणीतली माया

भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या लग्नातला शालू नेसायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. सव्वीस वर्षांपूर्वीचा, वांगी रंगाचा. शालू नीट होता, ब्लाउज मात्र दंडातच अडकलं. गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे नेलं. त्यांनी ते उलटं केलं, बोटांनी शिवण चाचपली आणि म्हणाल्या, "काळजी नको, दोन्ही बाजूंना चांगली इंचभर माया आहे." मग ब्लेडने टीप उसवली. आत दुमडलेलं कापड अजून पहिल्या दिवसासारखं गडद होतं.

शिवणीत राखून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. या मुलीचं अंग पुढे भरणार, हे त्या जुन्या शिंप्याने धरूनच चाललं होतं. आमच्या घरात ते कुणी धरलं नव्हतं. मीही नाही.

लग्नात माझं वजन 46 किलो होतं, आज 68 आहे. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आजीने दंड दाबून पाहिला आणि आईला हाक मारून सांगितलं, "सासर मानवलं गं पोरीला!" 1972च्या दुष्काळात सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर पोरं जगवलेली बाई ती. लेकीबाळींच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं दिसलं की तिला रात्री झोप लागायची. पुढे दोन बाळंतपणं झाली, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर झाली, दिवसभर खुर्चीत बसून करायची नोकरी आली, थायरॉइड निघाला, पाळी जायची वेळ आली. यातलं काय आळसाने आलं, ते मला कुणी दाखवून द्यावं.

एकदा यांचे मित्र जेवायला आले होते. लग्नाचा अल्बम निघाला. माझ्या फोटोवर बोट ठेवून हे म्हणाले, "ही तीच, सांगून खरं वाटेल का?" सगळे हसले. मी पोळ्या करायला आत गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं प्रत्येक फोटोत मी मुलांच्या मागे उभी आहे. कुठे नुसता खांदा दिसतो, कुठे तोही नाही. यांना ते कधी कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. न सांगणं ही माझी चूक होती, असं आज मला वाटतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 21च्या फेरीत आपल्या देशात वजन जास्त असलेल्या बायका 24 टक्के निघाल्या आणि पुरुष जवळजवळ 23 टक्के. म्हणजे फरक नसल्यातच जमा. तरी स्थळांच्या जाहिरातीत 'सडपातळ' हा शब्द मुलीसाठीच राखलेला असतो. पुरुषाचं पोट सुटलं तर तो खात्यापित्या घरचा. बाईचं अंग सुटलं तर तिने स्वतःकडे दुर्लक्ष केलं.

हे स्वतः हातापायांनी काटकुळे. सासूबाई नेहमी म्हणायच्या, याच्या अंगाला काही लागतच नाही. तीन वर्षांपूर्वी तपासणीत साखर निघाली ती यांना, मला नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3; पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाची चरबी अशी पोटात लपून राहते. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, काट्यापेक्षा कंबर मोजा. पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची 80च्या.

घरी येऊन मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. यांनी सदरा वर धरला, मी बेंबीवरून टेप फिरवली. 98. मग यांनी माझी कंबर मोजली. माझीही 80च्या बरीच पुढे होती. एवढ्या वर्षांत माझ्या कमरेभोवती यांचा हात फिरला होता, पण असा, जपून, कधीच नाही. त्या रात्री मी अल्बमची गोष्ट सांगितली. हे बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला आठवतसुद्धा नाही गं."

वजनाचा विषय नवराबायकोत निघूच नये, असं मी म्हणणार नाही. गुडघे आणि साखर दोघांचीच काळजी आहे, ती बाहेरचा कोण करणार? पण तो चारचौघांत हसायला काढायचा विषय नाही, आणि 'आधी कशी होतीस' या वाक्याने तर तो कधीच सुरू करू नये. आता रात्री जेवण आवरलं की आम्ही दोघं कालव्याच्या रस्त्याने अर्धा तास चालतो. माझं वजन दोन किलोने उतरलं, पुन्हा एकाने चढलं. यांची साखर मात्र आटोक्यात आहे.

लग्नात ते ब्लाउज घातलं. घरच्यांच्या फोटोच्या वेळी मी सवयीने लेकीच्या मागे सरकले. "अगं, इकडे ये," हे म्हणाले आणि त्यांनी शेजारी जागा केली. फोटोत माझ्या दोन्ही कुशींना मायेच्या गडद पट्ट्या स्पष्ट दिसतात.